कॅरल मिसचे उसने हात

कॅरल मिसला कुणी ‘देवमाणूस’ म्हटलं की तिचा हात आधी चपलेकडे जातो. हे मी ऐकीव सांगत नाही. अपंग दिनाची सभा होती, एका पतपेढीचे चेअरमन शाल आणि नारळ घेऊन उभे होते, आणि भाषणाच्या भरात त्यांनी नेमका तोच शब्द वापरला. मिस उठली. शाल घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि माइकवर म्हणाली, “चेअरमनसाहेब, शाल राहू द्या. तुमच्या पतपेढीच्या दाराला उतार बांधा. पायऱ्यांमुळे माझी पोरं आत येऊ शकत नाहीत. का आत येऊन तुमचा कारभार बघतील म्हणून बांधत नाही?” सभा खो खो हसली. चेअरमनही हसले, दुसरं करणार काय? उतार अजून बांधलेला नाही, पण मिसला शाल द्यायची छाती त्यानंतर कुणाची झाली नाही.

तर ही बाई गिरीज गावची. उंची बेताची, आवाज दीड माणसाचा. लग्न केलं नाही. भाऊ क्लेमेंट रिक्षा चालवतो आणि बहिणीला घाबरतो, एवढंच त्यांचं कुटुंब. वसईतल्या एका कॉलेजात ती ऑफिसात कारकून होती. एके वर्षी वरून हुकूम आला, ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांच्यासाठी कॉलेजात वेगळा कक्ष हवा. प्राध्यापकांची बैठक भरली आणि प्रत्येकाला एकदम घरचं काम आठवलं. शेवटी जिन्याखालची मोडक्या बाकांची खोली आणि कॅरल मिस, दोन्ही एकाच ठरावात मंजूर झाले.

काम सांगायला सोपं. ज्याला हळू लिहिता येतं त्याला परीक्षेत जादा वेळ मिळवून द्यायचा, ज्याला लिहिताच येत नाही त्याला लेखनिक द्यायचा. लेखनिक म्हणजे उसना हात. मुलगा बोलेल ते यानं लिहायचं, आपलं डोकं घरी ठेवून यायचं. नियम असा की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे त्याला उत्तर येतच नसेल. आता अकरावी-बारावीची पोरं स्वतःहून कशाला येतील दुसऱ्याचा पेपर लिहायला? म्हणून मिस रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटली की त्या देवळाच्या दारात उभी राही. बाहेर पडणाऱ्या पोरीचा दंड धरायचा, भिंतीशी न्यायचं, हातात कागद द्यायचा आणि भराभर मजकूर सांगायचा. अक्षर पसंत पडलं तर पोरगी अडकली. “मिस, माझी पण परीक्षा आहे हो,” म्हणून एखादी रडकुंडीला यायची. मिस म्हणायची, “आत्ता आत गुडघे टेकून काय मागत होतीस? चांगलं काम करायची संधी ना? घे. देव पावला.”

आपल्या पोरांनाही ती सोडत नसे. पेपराआधी एक मुलगा घाबरून रडायला लागला, तर त्याच्यासमोर घड्याळ ठेवून म्हणाली, “तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती लिहायला. रडायला मिळत नाहीत.” पोरगा हुंदके देतच आत गेला.

पण तिचा खरा पराक्रम शिक्षकदिनाचा. जेन्सन नावाचा मुलगा चाकाच्या खुर्चीवरचा. त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. शिकवणारे चंद्रहास सर, तेच परीक्षा विभागाचे प्रमुखही. अंगाने भरलेले, नियमाला पक्के. मिस त्यांना म्हणाली, वर्ग खाली घ्या. सर म्हणाले, “अहो, चार पोरं लावा आणि आणा उचलून. पालखीसारखा येईल. मजा वाटेल त्याला.”

मिस बरं म्हणाली. शिक्षकदिनाला सरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, खुर्चीत बसवलं आणि चार दांडग्या पोरांनी सरांची पालखी उचलली. सर खूश! हात हलवतायत, फोटो निघतायत. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर पोरांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि गेली निघून. सरांना उठून चालत जाता आलं असतं की, पाय धडधाकट होते. पण वरून-खालून शंभर फोन रोखलेले. उठलं तर पालखीतून पळाले म्हणून हसं, बसलं तर बसले म्हणून हसं. खालून मिसचा आवाज आला, “बसा सर, बसा! पोरं पाणी प्यायला गेलीत. जेन्सन रोज असाच या टप्प्यावर अडकतो. मजा वाटते का?”

पुढच्या सोमवारी वर्ग तळमजल्यावर आला. सर त्यानंतर मिसशी कामापुरतं बोलायला लागले.

आता अश्लेषाची गोष्ट. ती आमच्या उमेळ्यातली, माझ्या कुंपणापलीकडची. बाप विद्याधर, मोगऱ्याची आणि चाफ्याची वाडी. अर्ध्या वाडीवर आता सात मजले उभे आहेत, उरलेल्या अर्ध्यात इमारतीची सावली पडते. दोन मुली. थोरली उन्नती बारावी करून घरात बसलेली, धाकटी अश्लेषा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. अश्लेषाची नजर शाळेपासूनच जायला लागली होती. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आता समोरचंही धुक्यातलं. गावात हे कुणाला माहीत? कुणालाच नाही. आणि सगळ्यांना.

कारण जुन्या वाडीवाल्या घरांत अशा गोष्टी बोलत नाहीत. घरात लग्नाची पोर असली की धाकटीचे डोळे, आजोबांची फेफरं, सगळं पोटात ठेवायचं. एकीचा दोष दुसरीच्या पदरात बांधतात लोक. म्हणून या घरात चक्क तालीम चालायची. पाहुणे यायचे असले की उन्नती अश्लेषाला स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत चालवून घ्यायची, हातात रिकामा ट्रे देऊन. “आता वळ. आता थांब. आता हस.” इतकी सफाई आली होती की बघायला आलेल्या मंडळींनी धाकटीचीच चौकशी केली. उन्नतीचं मुंबईत नोकरीवाल्या मुलाशी ठरलं. हॉल बुक झाला, बँडवाल्याला सांगून झालं.

मिसने अश्लेषाला ओळखलं ते ऑफिसच्या खिडकीपाशी.

“कधीपासून दिसत नाही?”

“दिसतं की, मिस.”

“मग ते पेन उचल.”

अश्लेषा खिडकीच्या फळीवर हात फिरवायला लागली. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. मागे रांगेत पोरं खिदळली. मिसने तिला पुरतं शोधू दिलं आणि मग म्हणाली, “पेन ठेवलंच नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं असतंस तर ‘कुठलं पेन’ म्हणून विचारलं असतंस.” पोरगी तिथंच रडली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणाजवळ तरी खरं बोलली.

तिला पुण्याला जायचं होतं, वकिली शिकायला. विद्याधरने शब्द दिला होता, तोही आपल्या पद्धतीने. एका दमात पास झालीस तर पुणं, वसतिगृह, सगळं. एक विषय जरी अडकला तरी घरी, आईबरोबर मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या. “त्याला डोळे लागत नाहीत,” असं तोंडावर म्हणाला होता. आणि लेखनिकाशिवाय पेपर पुरा होणं शक्य नव्हतं. लेखनिक हवा तर अंधत्वाचा दाखला हवा, दाखला हवा तर जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायला हवं.

मिस क्लेमेंटच्या रिक्षातून उमेळ्याला आली. आई जयवंतीने चहा केला, पण कपाबरोबर उत्तरही टेकवलं. “आमच्या घरात कोनी आंधलं नाय, बाय.”

“नाही कसं? दोघं आहेत की,” मिस म्हणाली. “तुम्ही नवराबायको. पोरीला थोडं तरी दिसतं.”

“उन्नतीचं लगीन होऊ दे. मंग कराया काय ते.”

“परीक्षा आधी आहे.”

“मंग परीक्षा पुढच्या वर्षी.”

अश्लेषा दारात उभी होती. म्हणाली, “मी उद्या जाते मिसबरोबर.” आता उन्नती मध्ये पडली. “अशू, माझी तारीख जवळ आलीय गं. थोडी कळ काढ.” अश्लेषा म्हणाली, “कळ काढायला मला वर्ष लागेल, तुला महिना.” दोघींचंही खरं होतं. खरं आहे म्हणून काही कुणी मागे हटत नाही.

बोर्डाच्या रांगेत काय नशीब उभं असावं! उन्नतीच्या होणाऱ्या नवऱ्याची मावशी. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, त्याचा दाखला काढायला आलेली. तिने अश्लेषाला पाहिलं, रांग कसली आहे ते पाहिलं, विचारपूस केली, डोक्यावरून हात फिरवला. दाखला घेऊन मंडळी उमेळ्याला पोचायच्या आत मुलाकडून फोन येऊन गेला होता. पत्रिकेत थोडं आलंय म्हणाले.

लग्न मोडलं, हॉल मात्र तसाच उभा. विद्याधर म्हणाला, मांडवाची तारीख रिकामी जाऊ देणार नाही. आठवड्याभरात सफाळ्याकडचा एक बिजवर शोधला, चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप. आपल्या पोरांना डोळस आई मिळाली एवढंच त्याने पाहिलं. उन्नतीला विचारलं नाही, कळवलं. मिसच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, “लग्न मोडलं तर मोडलं. पेपर मोडला नाही ना?” आणि हे उन्नतीला ऐकू गेलं. मिसचा आवाज, सांगितलंच आहे.

परीक्षा सुरू झाली. लेखनिक टिफनी, अकरावीची, मिसने देवळाच्या दारातच पकडलेली. टकाटक लिहायची. एकेक पेपर पार पडला, आणि शेवटचा पेपर विद्यापीठाने पुढे ढकलला. नवी तारीख पडली ती नेमकी ख्रिस्ती लग्नांच्या ऐन हंगामात. उपवासकाळात आमच्याकडे ख्रिस्ती लग्नं होत नाहीत, आणि इस्टर उलटला की सगळी एकदम फुटतात, गल्लोगल्ली बँड. टिफनीच्या सख्ख्या मावशीचं लग्न. मिसने चार गावांत रिक्षा फिरवली. जिच्या दारात जावं तिच्या हातावर मेंदी, नाहीतर अंगावर मापाला चढवलेला झगा.

तेव्हा उन्नतीच म्हणाली, “मी लिहिते मिस. बारावी पास आहे, नियमात बसते. माझ्या हळदीला अजून वेळ आहे.”

मिसला आनंद झाला. रक्ताचं माणूस म्हणाली. चंद्रहास सर मात्र अडून बसले. “सख्खी बहीण? चालणार नाही. घरचं माणूस उत्तरं सांगणार.”

“सर, ती बारावी आहे. तिला काय येतंय?”

“पुस्तकं तर एकाच घरात आहेत ना? मी स्वतः समोर बसेन. एक शब्द पदरचा घातला तर पेपर रद्द.”

आणि ते बसले. पेपरचा पूर्ण वेळ, वरचा जादा तासही, उन्नतीच्या ओठांवरची नजर हलवली नाही. लेखनिक मदत करील याचीच साऱ्या जगाला धास्ती. सगळे नियम तेवढ्याचसाठी केलेले. उलटं होईल हे ना सरांच्या डोक्यात आलं, ना मिसच्या. अश्लेषा सांगत गेली, उन्नती लिहीत गेली. पदरचा एक शब्द नाही.

त्या संध्याकाळी दोघी वाडीत कळ्या खुडत होत्या. अश्लेषा म्हणाली, “ताई, तुझे उपकार फेडायचे नाहीत मला. पुण्याला गेले तरी...”

“नको फेडूस. प्रश्नांचे आकडे मी उलटेपालटे घातलेत.”

“काय?”

“तिसऱ्याच्या उत्तराला पहिला, पहिल्याच्या उत्तराला चौथा. उत्तरं सगळी तुझीच आहेत. एक शब्द बदलला नाही. त्या जाड्याला विचार.”

मी कुंपणाशी पाणी सोडत होतो. सगळं ऐकलं. अश्लेषाच्या हातातली परडी खाली पडली, आणि उन्नती खाली बसून मातीतल्या कळ्या वेचायला लागली. “फुकट घालवू नको,” म्हणाली. “उद्यापासून हेच तर करायचंय तुला.”

दुसऱ्या दिवशी अश्लेषाने मिसला सांगितलं. मिसने कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, “तक्रार लिहून देऊ या. बहिणीच्या नावाने.” पोरीने होकाराची मान हलवली. पुणं जात होतं. ती तरी काय करणार?

चौकशी बसली ती उन्नतीच्या हळदीच्या दुसऱ्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशी. उन्नती पिवळ्या हातांनी आली आणि शांतपणे म्हणाली, “ती बोलली तेच मी लिहिलं. आकडे तिनेच चुकीचे सांगितले असणार. तिला दिसतं कुठं?”

मी जे ऐकलं ते सांगायला मिस मलाही घेऊन गेली होती. साहेब लोकांनी विचारलं, “आजोबा, मोगऱ्यात कुजबुज चालली होती, आणि तुम्ही कुंपणापलीकडून ऐकलीत? वय काय तुमचं?” आणि सगळे हसले. मग चंद्रहास सरांना विचारलं. सर खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणाले, “मी पूर्ण वेळ समोर होतो. लेखनिकाने पदरचा एकही शब्द घातला नाही. यात माझी खात्री आहे.” आणि मिसकडे बघून, फार सावकाश, खुर्चीत मागे टेकले.

डोळस माणसाची साक्ष झाली, दुसऱ्या डोळस माणसाने दुजोरा दिला. आंधळ्या मुलीचं कोण मानतो? पेपर तसाच तपासायला गेला आणि पुढे निकालात अश्लेषा त्या विषयात नापास झाली.

चौकशीतून निघताना मिसने माफी मागितली नाही. म्हणाली, “लेखनिक मी निवडला, सूडही माझ्यामुळे ओढवला. आता ऑक्टोबर.” उन्नतीच्या लग्नाच्या दिवशी सगळं घर हॉलवर गेलं. अश्लेषाला नेलं नव्हतं, पाहुण्यांपुढे चालवून दाखवायला आता कुणी नव्हतं. मिस आली, तिची पिशवी भरली आणि रिक्षात घालून गिरीजला घेऊन गेली. संध्याकाळी ओटीवर खुर्ची टाकून बसली. विद्याधर येईल, आरडाओरडा करील, तेव्हा काय काय बोलायचं ते तिने मनात घोकून ठेवलं होतं. क्लेमेंट सांगतो, ती दोन दिवस तशीच दाराकडे तोंड करून होती. कुणी आलं नाही. फोनसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी जयवंतीने कुणाबरोबर तरी अश्लेषाच्या चपला पाठवून दिल्या. मिस एवढी चिडलेली मी कधी पाहिली नाही. शिव्या द्यायला आली आणि घराला कुलूप. मग माझ्याच फाटकात उभं राहून सगळ्या मला देऊन गेली.

ऑक्टोबरात अश्लेषा पास झाली. त्या वेळी मिसने प्रत्येक लेखनिकाला आधी विचारलं, “हिची तुझी ओळख आहे का?” आहे म्हटलं की हाकललं.

यंदा जूनमध्ये पुण्याला निघताना अश्लेषाला घर बघावंसं वाटलं. मिस नको म्हणत होती, तरी रिक्षा थांबवली. बाप आतून बाहेर आला नाही. माहेरपणाला आलेली उन्नती ओटीवर बसून कळ्यांचे वाटे करत होती, पोट पुढे आलेलं.

“पुण्याला चाललीस म्हणे,” उन्नती म्हणाली. “तिथं लिहायला कुणी मिळालं नाही तर बोलाव हं. मला सवय आहे.”

“उन्नती!” आतून जयवंती ओरडली.

अश्लेषा हसली. “नको गं ताई. तिथं बोललेलं लिहून घेणारा कॉम्प्युटर आहे. त्याचं लग्न मोडलेलं नाही.”

उन्नतीचे हात थांबले. रस्त्यावरून मिस ओरडली, “अश्लेषा, गाडी चुकेल!”

अश्लेषा वळली. काठी पिशवीतच होती, स्वतःच्या अंगणात तिला ती कशाला लागते? उन्नती मागून म्हणाली, “उजवीकडून जा. डावीकडे विटा टाकल्यात.”

अश्लेषा थांबली. ऐकलं, मान तिरकी केली, आणि डावीकडून गेली. विटांचा ढीग सकाळपासून तिथंच होता, रस्त्यावरून मिसलाही दिसत होता. गुडघा चांगलाच फुटला. उन्नती उठली, एक पायरी उतरली आणि तिथंच उभी राहिली. मिसने रुमाल बांधला आणि म्हणाली, “रड आता, पुणं येईपर्यंत वेळ आहे.” पण पोरगी रडली नाही. रिक्षात बसताना तिने मिसला एवढंच विचारलं, “खरंच होत्या का हो विटा? की आत्ता आणून ठेवल्या?”

मिसने पहिल्यांदाच खोटं सांगितलं. म्हणाली, “मला काय माहीत? मी बघितलं नाही.”